चिप, कान आणि आमचे सोलापूर

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात काय लिहावे याबद्दल काही अलिखित संकेत आहेत. कविता चालते. ग्रामीण कथा चालते. हुंड्यावरचा लेख तर हमखास चालतो. ‘सिंगल-चिप डिजिटल सिग्नल प्रोसेसरचे फायदे’ हा विषय मी संपादक मंडळातील सरांना सांगितला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हे काम सायन्सच्या मुलांचे नाही काय, असे विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु ज्या वस्तूमुळे एखाद्या माणसाला स्वतःच्या नातवाचे बोलणे ऐकू येते की नाही हे ठरते, ती वस्तू केवळ सायन्सच्या मुलांच्या हवाली करून आपण मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता वाचक विचारतील, सोलापूरचा आणि या चिपचा संबंध काय? संबंध आवाजाचा आहे. आपल्या गावाची कीर्ती चादरीसाठी आणि टर्किश टॉवेलसाठी आहे. ज्यांनी शहराच्या पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक किंवा अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, दिवस काढले आहेत, त्यांना ही चादर विणली जाताना काय ऐकू येते ते सांगायला नको. धोट्याच्या यंत्रमागात धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला लाकूड लाकडावर आदळते. असे आठ-दहा माग एका पत्र्याखाली चालू असले म्हणजे आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि कित्येकदा १०० ला टेकतो. डेसिबलचे गणित फसवे असते. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे ९० आणि १०० मधला फरक दहाचा नसून दहापटीचा आहे. आपल्याकडील नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा मानली गेली. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत आवाजाने येणारे बहिरेपणही होते. पण चार-सहा मागांचा कारखाना कामगारांच्या संख्येच्या अटीतच बसत नसे, आणि घराच्याच खालच्या खोलीत माग असला तर बोलायलाच नको. यादी यादीच्या जागी राहिली.

माझे वडील एकतीस वर्षे यंत्रमागावर आहेत. आई कांड्या भरते. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी, असा आमचा तिपेडी गोफ आहे. पण कारखान्यातली भाषा चौथीच: ती हाताची आणि ओठांची. सूत तुटले, मालक आले, चहा आला, हे सगळे तिथे खुणेने सांगितले जाते. बाहेरच्या माणसाला त्याचे कौतुक वाटते. मला लहानपणी तो खेळच वाटायचा. ती खुणांची भाषा घरातही लागू लागली तेव्हा त्यात खेळाचे काही उरले नाही.

अशा माणसाला ‘बहिरा’ म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या ढोबळ आहे. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. प्रत्येक पेशी आपापल्या स्वराला जागी होते. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाला बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींवर पडतो. आता मौज अशी (मौज कसली म्हणा!) की आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे बरेच खालच्या कंप्रतेचे आणि दणकट असतात, पण स, श, च, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वरच्या कंप्रतेत असतो आणि तो फार नाजूक असतो. त्यामुळे ऐकू येते, कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण ‘सात’ म्हणाले की ‘साठ’, ‘पाच’ की ‘पास’, हे कळत नाही. ‘ऐकू येतंय, पण समजत नाही’ ही तक्रार कारखान्यातून निवृत्त झालेल्या कोणत्याही माणसाकडून ऐकावी. घरचे लोक तिचा अर्थ ‘म्हातारा सोयीने ऐकतो’ असा लावतात.

आणखी एक विचित्र गोष्ट अशा कानात घडते. हळू आवाज अजिबात ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र चांगल्या कानाला जेवढा मोठा वाटावा तेवढाच मोठा वाटतो. मधली जागाच आक्रसते. म्हणून ‘जरा मोठ्याने बोला’ म्हटल्यावर आपण ओरडलो की पुढच्या क्षणी ‘ओरडता कशाला?’ असे ऐकून घ्यावे लागते. दोन्ही वाक्ये खरी असतात.

आता अशा कानाला साधे जुने श्रवणयंत्र (आमच्याकडे त्याला कानाचे मशीन म्हणतात) लावले तर काय होते? साधे यंत्र म्हणजे एक मायक्रोफोन, एक अँप्लिफायर आणि कानात एक छोटा स्पीकर. ते सगळेच मोठे करते. ज्या खालच्या कंप्रता ठीक ऐकू येत होत्या त्या कर्कश होतात, पंख्याची घरघर आणि रिक्षाचा फटफटाट डोक्यात घुमतो, आणि हवा होता तो ‘स’ त्या गर्दीत चेंगरून जातो. वर यंत्र शिट्टी मारते ते वेगळेच. या कानाला हवे असते ते निवडक काम: ज्या पट्टीत ऐकणे गेले आहे तिथे वाढवायचे, तेही हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी, पंख्यासारखा एकसुरी आवाज ओळखून दाबायचा, शिट्टी सुरू होण्याआधीच मारायची. आणि हे सगळे आवाज येता येता, तत्क्षणी. हे काम अँप्लिफायरच्या आवाक्यातले नाही. त्याला हिशेब लागतो.

आता चिपकडे येऊ. डिजिटल सिग्नल प्रोसेसर हे नाव भारदस्त आहे, काम मात्र मुनीमजींचे आहे. आवाजाची लहर प्रथम आकड्यांत मोडतात. टेलिफोनवर सेकंदाला ८००० वेळा तिची उंची मोजतात, श्रवणयंत्रात साधारण त्याच्या दुप्पट किंवा जास्त. मग येणाऱ्या प्रत्येक आकड्याला आणि त्याच्या आधीच्या काही आकड्यांना ठराविक दराने गुणायचे आणि सगळ्याची बेरीज मांडायची. इतके नग गुणिले इतका दर, टाका बेरजेत. पुढचा नग, पुढचा दर, टाका बेरजेत. दर बदलले की चाळणी बदलते. एका दरपत्रकाने खालचे सूर गळतात, दुसऱ्याने वरचे. सारी विद्या ‘गुणा आणि मिळवा’ या दोन शब्दांत आहे. अडचण फक्त वेगाची.

साध्या संगणकाच्या मेंदूला, म्हणजे मायक्रोप्रोसेसरला, गुणाकार पूर्वी फार जड जात असे. इंजिनिअरिंगच्या मुलांना आपल्याकडे वर्षानुवर्षे शिकवल्या गेलेल्या ८०८५ ला तर गुणाकाराची आज्ञाच नव्हती. बेरजा करून करून तो उत्तर काढी. १९७८ च्या ८०८६ ला गुणाकार येत होता, पण सोळा बिटांच्या एका गुणाकाराला त्याचे सुमारे २५ मायक्रोसेकंद जात. टेलिफोनच्या आवाजात दोन आकड्यांमधील अंतरच १२५ मायक्रोसेकंदांचे असते. म्हणजे एक आकडा येऊन दुसरा येईपर्यंत जेमतेम पाच गुणाकार. पाच गुणाकारांत कसली चाळणी होणार? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ३२०१० ही चिप १९८३ मध्ये बाजारात आली, तिची एक आज्ञा ०.२ मायक्रोसेकंदात पुरी होई आणि गुणाकारालाही तेवढाच वेळ लागे. त्याच १२५ मायक्रोसेकंदांत ६२५ आज्ञा, म्हणजे गुणाकार आणि बेरीज मिळून तीनशेच्या घरात जोड्या. मुनीमजींच्या जागी जणू पेढीच बसली.

हे तिला कसे साधले? एक तर गुणाकारासाठी चिपवर खास जागा दिली. दुसरे असे की आज्ञा येण्याची वाट वेगळी आणि आकडे येण्याची वाट वेगळी ठेवली. जकार्डच्या मागाकडे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन उमगेल. नक्षीची भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे वरून फिरत येतात आणि ताण्याचे सूत मागच्या रुळावरून येते. कार्ड सुतासाठी खोळंबत नाही, सूत कार्डासाठी खोळंबत नाही. दोन्ही एकाच दारातून यायची असती तर एक चादर विणायला आठवडा लागला असता.

जकार्डवरून निघालेच आहे तर या चिपचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा इथेच सांगून टाकतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास आपला माग सिद्ध केला. त्याची थोरवी अशी की नक्षी बदलायला माग मोडावा लागत नाही, कार्डांची माळ बदलली की काम झाले. मोर काढायचा तर मोराची माळ, कमळ काढायचे तर कमळाची. जुन्या पद्धतीचे इलेक्ट्रॉनिक मंडल आणि ही चिप यांच्यात नेमका हाच फरक आहे. जुन्या मंडलात चाळणी बदलायची तर रोधक आणि धारित्र उपटून दुसरे डाखवावे लागत. चिपमध्ये दरपत्रक बदलले की झाले. एकच चिप माझ्या वडिलांच्या कानाला एक होते, शेजारच्या काकूंच्या कानाला दुसरी, आणि पाच वर्षांनी वडिलांचे ऐकणे आणखी खाली गेले तर त्यांच्यासाठी तिसरी. चिप छोटी आहे, स्वस्त आहे, याचे कौतुक जाहिराती करतात. ठीक आहे. पण ती ‘बदलते’ ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे आपण नेमकी हीच गोष्ट वाया घालवतो.

‘एकाच चिपवर’ असण्याला इतके महत्त्व का, हेही थोडे पाहिले पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत टीआरडब्ल्यू नावाच्या कंपनीने केवळ गुणाकार करणारी स्वतंत्र चिप काढली होती. म्हणजे गुणाकार एका घरात, बेरीज दुसऱ्या, स्मरण तिसऱ्या. मधल्या प्रत्येक तारेत वेळ जातो, वीज जाते आणि प्रत्येक डाखाचा सांधा हा उद्याच्या बिघाडाचा उमेदवार असतो. इंटेलने १९७९ मध्ये २९२० नावाची चिप काढली. तिच्यात आवाज आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची दोन्ही दारे होती, पण गुणाकाराचे यंत्रच नव्हते. दोन्ही दारे आहेत आणि घरात चूल नाही, असा तो प्रकार. बाजाराने तिला फारसे विचारले नाही. १९८० मध्ये जपानच्या एनईसीने आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने खऱ्या अर्थाने सर्वांगपूर्ण चिपा जगापुढे मांडल्या.

बेल प्रयोगशाळेचे नाव आले म्हणून एका भारतीयाचे नाव घेतलेच पाहिजे. कानपूरला जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल तिथे होते. माणसाच्या बोलण्यातला पुढचा आकडा मागच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी अंदाजता येतो, या कल्पनेवर त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून जे काम केले, त्या घराण्यातील पद्धतींवर पुढे मोबाइल फोनचे बोलणे चालले. मुलांना स्पेलिंग शिकवणारे ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणे १९७८ मध्ये निघाले, तेही याच घराण्यातले; एका चिपने बोलून दाखवलेले ते पहिले नावाजलेले यंत्र. आपण खिशातून फोन काढून मावशीशी बोलतो तेव्हा गुणाकार-बेरजांची ही पेढी अखंड चालू असते. फोनमध्ये आता ती निराळी चिप म्हणून दिसत नाही, मोठ्या चिपच्या एका कोपऱ्यात सामावली गेली आहे. काम तेच.

कानाच्या मशीनपर्यंत पोचायला मात्र तिला वेळ लागला, आणि त्याचे कारण वीज. टीएमएस ३२०१० सुमारे एक वॅट खात असे. बटणाएवढ्या १.४ व्होल्टच्या सेलवर आठवडाभर चालायचे तर सगळे एक-दोन मिलिवॅटमध्ये भागले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये हॅरी लेव्हिट यांनी १९८२ मध्ये आकड्यांवर चालणारे श्रवणयंत्र करून दाखवले, पण त्याचा संगणक कपाटासारखा होता. कानात घालायचे कपाट कोण घेणार? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शरीरावर बाळगायच्या डबीचे एक यंत्र विक्रीला आले आणि चालले नाही. १९९६ मध्ये डेन्मार्कच्या ओटिकॉन आणि वायडेक्स या दोन कंपन्यांनी संपूर्ण डिजिटल आणि कानात मावणारी यंत्रे आणली, तेव्हा कुठे हा प्रवास पुरा झाला. १९८३ ते १९९६. तेरा वर्षे वेग वाढवण्यापेक्षा भूक कमी करण्यात गेली, असे म्हणायला हरकत नाही.

सोलापूरच्या दृष्टीने आणखी एक फायदा आहे, जो पाश्चात्य पुस्तकात ठळकपणे लिहिलेला नसतो. आपला मे महिना सर्वांना ठाऊक आहे. ४३-४४ अंश तापमानात रोधक-धारित्रांच्या किमती सरकतात, वयाबरोबरही सरकतात, आणि जुन्या मंडलाची चाळणी डिसेंबरात एक आणि मे महिन्यात दुसरी होते. आकडा मात्र उन्हात वितळत नाही. तीनला पाचने गुणले तर मे महिन्यातही पंधराच. (घाम आणि कापसाची धूळ मायक्रोफोनच्या भोकात जाते ती गोष्ट निराळी, त्यावर चिपचा इलाज नाही.) डिजिटल वस्तू आपल्या हवेत टिकणार नाहीत, असे एके काळी बोलले जाई. १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सी-डॉटने आपले ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज बसवले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उष्म्यात चालावे अशाच बेताने ते घडवले होते, आणि ते चालले. आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यातच हे काम करून घ्यावे, वेगळी चिप कशाला? हा आक्षेप बिनबुडाचा नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आक्रसलेल्या कानासाठी आवाज दाबण्या-वाढवण्याच्या आणि गोंगाट कमी करण्याच्या पद्धती आधी कमी विजेच्या एका डीएसपी चिपवर (टीएमएस३२०सी५५१५) आणि पुढे स्मार्टफोनवरही चालवून दाखवल्या आहेत. फोनवर प्रयोग स्वस्तात होतो, घरोघरी पोचतो, ते मला मान्यच आहे. पण वेळेचा प्रश्न राहतो. कानाजवळच्या यंत्राने आवाज आत घेऊन बाहेर सोडायला साधारण दहा मिलिसेकंदांहून जास्त लावले तर स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटू लागतो. ओठांकडे बघून बोलणे समजून घेणाऱ्या आमच्या विणकरांना तर ओठ आणि आवाज यांची फारकत जास्तच खुपते. फोन शंभर कामे करतो आणि मधूनच हेही करतो. बिनतारी इअरफोन आपला उशीर वर मिळवतो. एकच काम, ठरलेल्या वेळात, दिवसभर, बटणाएवढ्या सेलवर करणारी चिप अजून तरी त्याला हार गेलेली नाही. शिवाय पासष्ट वर्षांच्या माणसाला कानात बसवून विसरून जाता येईल अशी वस्तू हवी असते, अ‍ॅप नको असते.

आता वाया जाण्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वडिलांना एका शिबिरात श्रवणयंत्र मिळाले. शिबिर कोणी भरवले होते ते इथे महत्त्वाचे नाही. हेतू चांगलाच होता, हार-तुरे झाले, फोटो निघाले. यंत्र डिजिटल होते. खोक्यावर वाहिन्यांची संख्या ठळक छापलेली होती. कानाची तपासणी मात्र मांडवात झाली, बाहेर ढोल वाजत असताना, आणि यंत्रात कारखान्यातून आलेले दरपत्रक जसेच्या तसे राहिले. माझ्यासमोर बसलेल्या तिघांना तिघांचेही यंत्र सारखेच जुळवून, खरे म्हणजे न जुळवताच, देण्यात आले. जकार्डचा माग घ्यावा आणि त्यावर जन्मभर कोरी चादर विणावी, तसे हे झाले. वडिलांनी ते चार दिवस लावले. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘यात कारखानाच वाजतोय.’ ते आता देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे.

यात चिपचा काय दोष? तिला कोणाचा कान आहे हे कोणी सांगितलेच नाही. सरकारची अपंगांना साधने देण्याची योजना १९८१ पासून आहे, मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. म्हणजे योजनांचा दुष्काळ नाही. पण आपण मोजणी करतो ती यंत्रे किती वाटली याची. वाटल्यावर सहा महिन्यांनी किती कानांवर ती होती हे कोणी मोजले तर चित्र निराळे दिसेल, असे मला आमच्या गल्लीवरून वाटते. माझे स्पष्ट मत असे आहे की जुळवणीशिवाय डिजिटल यंत्र वाटूच नये. तितक्याच पैशात निम्मी यंत्रे द्यावीत, आणि उरलेल्या पैशात प्रशिक्षित माणूस, शांत खोली आणि दोन-तीन फेऱ्यांची जुळवणी द्यावी. संख्या निम्मी होईल, फोटो निम्मे होतील. होऊ देत.

आणि चालू मागावर बसणाऱ्या तरुणांना आधी कानात घालायची बोंडे द्यावीत. ती अगदी स्वस्त असतात. मेलेली पेशी कोणतीही चिप परत आणत नाही.

आता आपल्या, म्हणजे कला शाखेच्या, वाट्याचे काम. जुळवणीची सूत्रे बहुतांशी परदेशात तयार झाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेचे सूत्र जगभर वापरतात; त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत चिनीसारख्या सुरांच्या भाषा आणि इतर भाषा असा भेद केलेला आहे. म्हणजे भाषेप्रमाणे कानाची गरज बदलते हे त्यांनीही मानले. मग ट आणि त, ठ आणि थ, ळ आणि ल यांतला भेद ज्यांच्या रोजच्या बोलण्यात अर्थ बदलतो, त्या मराठी, कन्नड आणि तेलुगू कानांचे काय? सूत्र बदलणे आपल्या हातचे नाही. पण जुळवणी ठीक झाली की नाही हे तपासायला शब्दांच्या जोड्या लागतात: ‘ताट’ आणि ‘ताठ’, ‘काळ’ आणि ‘काल’, ‘सण’ आणि ‘शण’. नुसती शिट्टी ऐकवून कानाची खोली मोजता येते, समज मोजता येत नाही. अशा याद्या मोठ्या संस्थांनी केलेल्या आहेतच. मात्र सोलापूरचा विणकर जी मराठी बोलतो, जिच्यात तेलुगूचा हेल आणि कन्नडचा ठेका आहे, तिच्यातल्या रोजच्या शब्दांची यादी आपणच केली पाहिजे. धोटा, कांडी, ताणा, पगार, रेशन, दवाखाना, आणि नातवंडांची लाडाची नावे. हे काम इंजिनिअरला जमणार नाही, आणि जमले तरी तो करणार नाही. मराठी विभागातल्या मुलामुलींना ते एका सत्रात होईल. आमच्या वर्गात तिन्ही मातृभाषांची मुले आहेत. एवढी सोय पुण्या-मुंबईच्या किती महाविद्यालयांत असेल?

गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मित्रांनाही एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी डीएसपीचा बोर्ड तुमच्याकडे येतो आणि त्यावर पुस्तकातलीच चाळणी पुन्हा चालवली जाते. एकदा मायक्रोफोन घेऊन पूर्व भागात या. मागाचा आवाज ठोक्याचा आहे, पंख्यासारखा एकसुरी नाही. म्हणून परदेशी यंत्रातली गोंगाट दाबण्याची युक्ती त्याच्यापुढे गोंधळते असा माझा कयास आहे. तो खरा की खोटा हे तुमच्या बोर्डावर आठ दिवसांत कळेल. ध्वनिमुद्रणाला लागेल तेवढा आवाज आम्ही फुकट देऊ.

शब्दयाद्यांचे ध्वनिमुद्रण करायला मात्र शांत खोली हवी. आपल्या महाविद्यालयात तशी एकच आहे, ग्रंथालयाच्या मागची, जिथे जुने नकाशे ठेवले आहेत. तीही सुट्टीच्या दिवशीच उपयोगाची, कारण इतर दिवशी पलीकडच्या गल्लीतले माग चालू असतात. प्राचार्यांनी परवानगी दिल्यास दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करता येईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी मराठी विभागात नावे द्यावीत. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांची विशेष गरज आहे, आणि आवाज गोड असण्याची अट नाही.